दोन कुलपांचं कोठार

मॅलकी गिनन माणूसघाणा होता, असं हल्ली गावात जो तो सांगतो. साफ खोटं आहे. सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्याला धड पाहिलेलंही नाही. मी पाहिलाय. भट्टीच्या फाटकासमोर माझं दुकान. पुढे चहा-साखर, मागे चार बाकं टाकलेला बार. तीसेक वर्षं तो माझ्या काचेसमोरून गेला-आला, आणि त्यातली अकरा वर्षं रोज संध्याकाळी माझ्या बारमध्ये बसला. तेव्हा त्याच्याबद्दल कुणी बोलायचंच असेल तर मी बोलेन. त्यात माझी अब्रू जाणार असेल तर जाऊ दे मेली. या वयात तिचं काय लोणचं घालायचंय?

भट्टी म्हणजे डोंगरात पोलिसांची नजर चुकवून गाळतात तसली नव्हे हं. आमची किलवॉरनची भट्टी दीडशे वर्षांची, ब्रॉस्ना नदीच्या पाण्यावर चालणारी. आत तांब्याचे तीन हंडे, एकेक एवढा मोठा की आत पाच माणसं उभी राहून भांडली असती. व्हिस्की तिन्ही हंड्यांतून तीनदा गाळायची. आणि धान्य म्हणजे नुसते मोड आणून भाजलेले सातू नव्हेत. त्यांच्या जोडीला कच्चे सातू निम्म्याहून जास्त, वर एखाद-दोन पोती ओट. फार पूर्वी इंग्रज सरकारनं मोडाच्या सातूंवर कर बसवला, तेव्हा आमच्या पणजोबांनी कच्चे सातू मिसळून सरकारला शेंडी लावली. केलं कर चुकवायला, पण चव अशी निघाली की पुढे कर गेला तरी कृती कुणी बदलली नाही. त्या कच्च्या सातूंमुळेच आमची व्हिस्की अंगानं जाड, तेलकट, आणि गिळल्यावरही जिभेवर मिरी-आल्यासारखी चुरचुरत राहणारी. बाटलीतली हलकीफुलकी पिणाऱ्यांना ती झेपत नाही. नाही झेपत तर नका पिऊ.

मॅलकी चौदाव्या वर्षी भट्टीत लागला. आधी मोड आलेले सातू जमिनीवर पसरून लाकडी फावड्यानं उलटायचे, मग पिंपं भरायची, आणि तिशी ओलांडल्यावर मालकांनी त्याच्या हातात कोठाराची किल्ली दिली. ही किल्ली म्हणजे काय हे कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कोठारात हजारो पिंपं, आणि त्यातल्या व्हिस्कीवरचा कर ती बाहेर पडताना भरायचा. तोवर ती ना धड मालकाची, ना धड सरकारची. म्हणून दाराला दोन कुलपं. एक भट्टीचं, एक सरकारचं. भट्टीची किल्ली मॅलकीकडे, सरकारची अबकारी अधिकाऱ्याकडे. एकानं दुसऱ्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, आणि एकानं दुसऱ्याच्या किल्लीला बोटही लावायचं नाही. लावलं तर दोघांची नोकरी गेली आणि वर तुरुंग.

सरकारची किल्ली अँब्रोज टूमीकडे होती. हा कॉर्ककडचा माणूस, अडतीस साली बदली होऊन आला. उंच, काटक, बायको नाही, पोर नाही. एका विधवेच्या घरी खोली घेऊन राहायचा. अबकारीवाल्याशी गावात कोण दोस्ती करणार? लोक समोर "नमस्कार मिस्टर टूमी" म्हणायचे आणि पाठ फिरली की थुंकायचे. पण मॅलकी रोज सकाळी त्याच्याबरोबर दार उघडायचा, रोज संध्याकाळी बंद करायचा. आत दोघं कंदील घेऊन पिंपांच्या रांगांमधून फिरायचे, पिंप ठोकून कुठं गळतंय का ते ऐकायचे. असं वर्षभर चाललं, आणि एक दिवस मॅलकी त्याला जेवायलाच घरी घेऊन गेला.

मॅलकीची आई, ऑनर गिनन, म्हणजे तोंडाळ बाई. दारात टूमीला बघून म्हणाली, "हा सरकारी बांबू कुठून उचलून आणलास? आत घे, वाऱ्यानं मोडेल."

त्या दिवसापासून टूमी तिथलाच झाला. रोज संध्याकाळी चुलीशी तिघं पत्त्यांचा पंचवीसचा डाव टाकायचे. म्हातारी सर्रास लबाडी करायची आणि पकडली की म्हणायची, "माझे डोळे गेलेत रे बाबांनो, मला काय दिसतंय!" टूमीसाठी ती वेगळा पुडिंगचा तुकडा झाकून ठेवायची. मॅलकी तक्रार करायचा, "आई, पोटचा मी आहे." ती म्हणायची, "तू मला फुकट मिळालास. हा निवडलाय मी." टूमीची आई तो लहान असतानाच गेली होती. म्हातारीचं ते 'निवडलाय मी' त्यानं मला एकदा स्वतः सांगितलं, आणि सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता.

त्रेपन्न सालच्या फेब्रुवारीत म्हातारी गेली. मरण्यापूर्वी तिनं खांदेकरी स्वतः ठरवले. सहा जण. पुढे डावीकडे मॅलकी, उजवीकडे टूमी. "उंची सारखी पाहिजे, नाहीतर मी घरंगळेन," हे तिचे शब्द.

आता नीट ऐका, कारण सगळं याच सकाळी बिघडलं.

आदल्या संध्याकाळी भरलेली सहा पिंपं बाहेर अंगणात राहिली होती. कायद्यानं ती कुलपात जायला हवीत, म्हणून अंत्ययात्रेच्या दिवशीही मॅलकी आणि टूमी सकाळी सातला गेले, दार उघडलं, पिंपं आत ढकलली. तेवढ्यात घरून निरोप आला की पाद्रीबाबा येऊन बसलेत. मॅलकी म्हणाला, "पाच मिनिटांत आलो," आणि धावत माझ्या दुकानात आला. त्याचा काळा कोट मी इस्त्री करून ठेवला होता. घरी माणसांची गर्दी, तिथं कसला कोट अन् कसली इस्त्री. त्यानं कामाचा कोट काढून माझ्या खुंटीला अडकवला, काळा चढवला आणि तसाच घरी पळाला. पाच मिनिटं त्याच्या डोक्यातून पार पुसली गेली. आई गेलेल्या माणसाला कसलं कुलूप आठवतंय!

भट्टीला म्हातारीसाठी सुट्टी होती. मॅनेजरसाहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे चर्चमध्ये. मीही दुकानाला कडी घालून गेले. शवपेटी उचलायची वेळ झाली आणि पुढची उजवी जागा रिकामी. मॅलकी थांबला. पाद्रीबाबांनी दोनदा खाकरून दाखवलं. सगळं गाव थांबलं. शेवटी कुणीतरी होरनांच्या पॅडीला पुढे ढकललं. तो मॅलकीपेक्षा वीतभर बुटका. दफनभूमीपर्यंतचा सगळा रस्ता पेटी उजवीकडे कलत होती आणि मॅलकीचा चेहरा दगडासारखा झाला होता.

मी पण मनात टूमीला शिव्या मोजत होते. म्हटलं, असला कसला हा माणूस! चौदा वर्षं त्या बाईच्या हातचं खाल्लं!

दुपारी दोनला दुकान उघडायला मी परत आले. गारांचा पाऊस चालू होता. समोर भट्टीच्या फाटकातून पाहिलं, तर कोठाराच्या दारात टूमी उभा. काळे कपडे, काळी टाय, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला.

माझं डोकं सटकलं. मी तशीच तरातरा आत गेले. "लाज नाही वाटत? सगळं गाव वाट बघत थांबलं, आणि तुम्ही इथं पिंपांची राखण करत बसलात!"

तो म्हणाला, "मॅनियनबाई, आधी किल्ली. मॅलकीनं किल्ली कुठं ठेवलीय?"

तेव्हा माझी नजर दाराकडे गेली. सरकारचं कुलूप लागलेलं. भट्टीचं कुलूप उघडं लोंबत होतं, आणि ते किल्लीशिवाय लागायचं नाही. हा माणूस सकाळी आठपासून तिथं उभा होता. दार एका कुलपावर सोडून जाणं म्हणजे मॅलकीची नोकरी जाणं. बोलावून आणायला अंगणात कुत्रंसुद्धा नव्हतं. चर्चची घंटा त्याला तिथून ऐकू येत होती.

मी धावत जाऊन खुंटीवरचा कोट आणला. खिशात किल्ली होती. मी ती पुढे केली तर तो दोन पावलं मागे सरकला, जणू मी निखारा धरलाय. "मला नका देऊ. मी हात लावला तर मीच गुन्हेगार. तुम्ही फिरवा." आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मग मी, डिलिया मॅनियन, किराणावाली, माझ्या या हातानं सरकारी कोठाराचं कुलूप लावलं. गारठलेल्या बोटांतून तीनदा किल्ली सटकली.

"हे कुणाला सांगायचं नाही," तो म्हणाला. "मॅलकीला तर मुळीच नाही."

"अहो, पण तो तुम्हांला काय समजेल?"

"त्याला कळलं तर तो उद्या सकाळी टोपी काढून साहेबापुढे उभा राहील आणि सांगेल, चूक माझी. तुम्हांला माहीत नाही का तो?"

मला माहीत होता. मॅलकी तसाच होता. मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅलकीनं माझ्याकडून कोट नेला, किल्ली चाचपली, आणि दाराशी गेला. मी काचेतून बघत होते. टूमी काहीतरी बोलला. मॅलकीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. किल्ली फिरवली आणि आत गेला; कुलूप आदल्या दिवशी आपणच लावून गेलो, असंच त्याच्या डोक्यात होतं. त्या दिवसापासून अबोला.

अबोला म्हणजे कसला! भिंतच. पण दार तर दोघांनीच उघडायचं, दोघांनीच लावायचं. सकाळी आठला दोघं दोन बाजूंनी यायचे, संध्याकाळी पाचला दोन बाजूंनी जायचे. मधल्या वेळात त्या अंधाऱ्या कोठारात एकत्र फिरायचे. पिंपं न्यायला लॉरी आली की लॉरीवाल्या मॅटचा जीव मेटाकुटीला यायचा. मॅलकी म्हणायचा, "मॅट, त्यांना सांग, चौथ्या रांगेतलं तिसरं काढायचंय." टूमी तीन फुटांवर उभा. तो म्हणायचा, "मॅट, त्यांना सांग, मी बहिरा नाही." मॅट माझ्याकडे येऊन डोकं धरून बसायचा. "डिलिया, मी ड्रायव्हर आहे की दुभाष्या? एवढा लांबलचक अबोला तर माझी बायको आणि माझी आईसुद्धा धरत नाहीत." आणि मॅट नसला तर टूमी पिंपाशी बोलायचा. "काय गं बाई, तू खालून पाझरतेयस." मग मॅलकी मुकाट्यानं हातोडी घेऊन यायचा आणि पिंपाचं लोखंडी कडं ठोकून घट्ट करायचा.

पुढच्या वर्षी हंडे थंड झाले. कारणं म्हणाल तर सतराशे साठ. अमेरिकेनं तेरा वर्षं दारूबंदी केली, इंग्लंडशी व्यापारात वाजलं, आणि जगाला पाण्यासारखी पातळ व्हिस्की आवडायला लागली. मेमध्ये शेवटचं गाळण झालं आणि धुराडं बंद. भंगारवाल्यानं तांब्याचे हंडे कापून नेले. लोक लिव्हरपूलला, बोस्टनला गेले. पण व्हिस्कीला त्याचं काय? ती कोठारात पिंपांमध्ये पडून होती, आणि आमची जाड व्हिस्की लवकर तयार होत नाही. मॅलकी म्हणायचा, "तीन वर्षांची झाली की नुसती बडबडते. दहा वर्षांची झाली की मग ऐकण्यासारखं बोलते." तेव्हा पिंपं पिकून विकली जाईपर्यंत कोठार राहणार, कोठार आहे तोवर दोन कुलपं, आणि दोन कुलपं आहेत तोवर ते दोघं. अख्ख्या भट्टीत दोनच माणसं उरली, आणि ती एकमेकांशी बोलत नव्हती.

घरी चूल विझलेली. म्हणून मॅलकी संध्याकाळी माझ्याकडे यायला लागला.

आता माझं सांगते. तेव्हा मी बेचाळीसची होते. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला होता, मूलबाळ नाही. बारमध्ये म्हातारे यायचे, शेतकरी यायचे, पण मॅलकी आला की मला बरं वाटायचं. तो कोपऱ्यातल्या बाकावर बसायचा, एक पेला घ्यायचा, तोही अर्ध्या तासात संपवायचा. वास घ्यायला तळहातावर दोन थेंब चोळायचा आणि म्हणायचा, "डिलिया, हे बघ, आधी कच्च्या धान्याचा वास, मग शेरी-वाइन मुरलेल्या लाकडाचा, मग चामड्याचा." मला मेलीला नुसता दारूचा वास यायचा. पण मी म्हणायचे, "हो हो, चामडं. बुटाचं की खोगिराचं?" तो हसायचा. त्याला हसवणारी गावात मी एकटीच होते, आणि मला ते आवडायचं. त्यानं कधी वावगा शब्द काढला नाही. मीही नाही. पण सहा वाजले की मी केस सारखे करायचे, हे काही मी आता लपवणार नाही.

छप्पन साली मॅनेजरसाहेब राजीनामा देऊन ऑस्ट्रेलियाला गेले. भट्टीचे मालक डब्लिनमध्ये, त्यांना कोठाराचं काही पडलेलं नव्हतं. त्याच आठवड्यात टूमी माझ्या दुकानात आला. तो कधी यायचा नाही. मॅलकी येतो म्हणून. दुपारची वेळ, दुकानात कुणी नाही. त्यानं टोपी काउंटरवर ठेवली.

"मॅनियनबाई, आता साहेब गेले. भीती संपली. तुम्हांला वाटलं तर मॅलकीला सांगा."

"तुम्हीच सांगा की."

"मला जमत नाही. मी तोंड उघडलं की तो निघून जातो. आणि तीन वर्षांनी मी माझीच वकिली करायची? ते मला नाही होणार. तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल. तुमचं ऐकतो तो."

मी म्हटलं, "सांगते."

नाही सांगितलं.

त्या संध्याकाळी मॅलकी आला, बाकावर बसला, बूट शेकोटीकडे केले. माझ्या जिभेवर होतं. आणि मग माझ्या मनात आलं, हे ऐकलं की हा उठेल. टोपी घालेल आणि टूमीच्या खोलीवर जाईल. उद्यापासून पुन्हा चुलीशी पंचवीसचा डाव. इथं कोण येणार? म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, रविवारी सांगू. मग लेन्टचे उपास संपल्यावर. मग ख्रिसमसला. कबुलीजबाबाला जायचे तेव्हा पाद्रीबाबांना सगळी पापं सांगायचे. वजनात मारलेली साखर सांगायचे, शेजारणीचा केलेला हेवा सांगायचे. हे नाही सांगितलं. जे सोडायचं नाही ते कबूल कशाला करायचं?

आणि टूमी? त्याला वाटलं मी सांगितलं. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही, शपथेवर सांगते. किंवा आलं असेल आणि मी ते पुन्हा आत ढकललं असेल. मला एवढं दिसत होतं की छप्पननंतर टूमीनं सकाळी दाराशी काही बोलायचा प्रयत्न सोडून दिला. पिंपाशीही बोलणं बंद झालं. नुसती मान खाली घालून यायचा. मी म्हटलं, वय झालं त्याचं.

अशी वर्षं गेली. कोठारातल्या रांगा एकेक करून रिकाम्या होत गेल्या. मॅलकी संध्याकाळी सांगायचा, "आज पाचवी रांग गेली." त्याचा आवाज दर वेळी थोडा बसायचा. एकदा मी विचारलं, "काय रे, कोठार संपलं की सुटलास. तुला कसलं दुःख?"

तो म्हणाला, "डिलिया, सकाळी आठला मी तिथं जातो, आणि तो येतो. आम्ही बोलत नाही. पण तो येतो. इतक्या वर्षांत मला पडसं झालं तरी मी गेलो, त्याला ताप असला तरी तो आला. कोठार संपलं की माझ्यासाठी सकाळी आठला कुणी कुठं येणार नाही."

"मग बोल ना त्याच्याशी, बाबा!"

"त्यानं माझ्या आईला खांदा दिला नाही. तिनं नाव घेऊन सांगितलं होतं. एकदा तरी त्यानं म्हणावं, चुकलो. मी तेवढ्याचीच वाट बघतोय."

मी पेला पुसत उभी होते. आजवर मला कुणी थोबाडीत मारलेली नाही, पण तेव्हा तसं वाटलं. तरीही मी गप्प बसले. आणखी दोन वर्षं.

चौसष्टच्या ऑक्टोबरात, एका गुरुवारी, शेवटची अकरा पिंपं लॉरीवर चढली. मॅटनं दोर आवळले, हॉर्न वाजवला आणि गेला. कोठार रिकामं झालं. टूमीला डब्लिनच्या कचेरीत बदलीचा हुकूम आला होता, शनिवारच्या बसनं जायचं होतं. मी काचेतून बघत होते. दोघं रिकाम्या कोठाराच्या दारात उभे राहिले. आता कुलूप लावायची गरज नव्हती. तरी दोघांनी आपापलं कुलूप लावलं. मग एक डावीकडे गेला, एक उजवीकडे.

सहाला मॅलकी आला. टोपी बाकावर टाकली, पण बसला नाही. काउंटरशी उभा राहिला आणि म्हणाला, "संपलं."

त्याचा चेहरा पाहिला आणि माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. कोट, खुंटी, उघडं कुलूप, गारा, मी फिरवलेली किल्ली. सांगताना रडत होते आणि नाक पुसत होते. तो ऐकत होता. रंग पांढराफटक.

"सहा तास?" तो म्हणाला.

"सहा तास. घंटा ऐकत."

"तुला कसं कळलं? कधी?"

आणि मी खोटं बोलले. तोंडात पटकन आलं. "आत्ता, आज दुपारीच त्यानं सांगितलं."

तो गेला. टोपी बाकावरच राहिली. रस्ता ओलांडून धावत गेला. साठीचा माणूस, धावत. मी त्याला धावताना दुसऱ्यांदाच पाहिलं.

शुक्रवारी दोघं दिवसभर कुठं होते मला ठाऊक नाही. कुणी म्हणालं, दफनभूमीत ऑनरच्या कबरीशी बसले होते. कुणी म्हणालं, नदीकाठी. मॅलकीची शेजारीण होरनबाई म्हणाली की संध्याकाळी मॅलकीच्या धुराड्यातून धूर निघत होता आणि आतून हसण्याचा आवाज येत होता, दोन पुरुषांचा. माझा बार त्या संध्याकाळी रिकामा होता. मी स्वतःला सांगितलं, डिलिया, चांगलं केलंस हो.

शनिवारी बस अकराला सुटली. मॅलकीनं टूमीची पेटी खांद्यावरून नेली. बस गेल्यावर तो सरळ माझ्या दुकानात आला. दुकानात एक बाई होती, ती सामान घेऊन जाईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "टूमीला वाटत होतं मला माहीत आहे."

मी काउंटर पुसायला लागले.

"छप्पनपासून. आठ वर्षं त्याला वाटत होतं की तू मला सांगितलंस, आणि सगळं कळूनही मी त्याला माफ करत नाही. रोज सकाळी आठला तो हे मनात घेऊन यायचा." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला परवडलं असतं. "का, डिलिया?"

दुसरं खोटं सापडेना. "तू संध्याकाळी इथं यायचास म्हणून," मी म्हटलं.

मला वाटलं शिव्या देईल. वाटलं, निदान काउंटरवर मूठ आपटेल.

"यायचो खरा," तो म्हणाला. "बरं वाटायचं मला इथं." मग म्हणाला, "दोन दिवस मिळाले आम्हांला. चांगले गेले."

बाकावरची टोपी त्यानं उचलली. तो दारापर्यंत गेल्यावर मला राहवलं नाही. "मॅलकी, संध्याकाळी येशील ना रे?"

"दुकान आहे तुझं," तो मागे न बघता म्हणाला. "साखर लागली तर येईन."

टूमी पुढच्याच हिवाळ्यात डब्लिनला न्यूमोनियानं गेला. मॅलकी त्यानंतर सात वर्षं जगला, माझ्या दुकानापासून दोनशे पावलांवर, एकटा. आयुष्यभर चहात तीन चमचे साखर घेणारा माणूस. मी दर शनिवारी पाव शेर साखर पुडीत बांधून काउंटरखाली ठेवायचे, त्याच्या नावाची. एकदा न राहवून मी होरनबाईला विचारलं, "काय गं, मॅलकी साखर आणतो तरी कुठून?"

ती म्हणाली, "आणत नाही. तो हल्ली चहा बिनसाखरेचाच घेतो."